आर्ट क्विल्टचा ग्रुप शो पहिल्यांदाच बघायला जाताय? मग हे वाचून जा

आर्ट क्विल्टचं प्रदर्शन बघायला जायचंय, पण शिवणकामातलं ओ की ठो कळत नाही, तिथे जाऊन नुसतं "छान आहे, छान आहे" करत फिरायचं का, अशी ज्यांची अडचण आहे त्यांच्यासाठी लिहितेय. शिवणकाम यायलाच पाहिजे अशी काही अट नाही. उलट ज्यांना येतं ते बरेचदा टाके कसे पडलेत हे बघण्यात इतके अडकतात की समोर चित्र काय आहे ते बघायचं राहूनच जातं.

माझं सांगणं एकच आहे. क्विल्टला उंचसखलपणा असतो, आणि तो समोरून काढलेल्या फोटोत येत नाही. तो दिसायचा असेल तर तुम्हाला हलावं लागतं, लांब जा, जवळ या, बाजूला सरका. एकाच जागी उभं राहून बघितलंत तर घरी मोबाईलवर बघणं आणि तिथवर जाणं यात फार फरक उरत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी ०: जायच्या आधी एवढं माहीत असू दे

क्विल्ट म्हणजे तीन थर. वर कापड, मधे बॅटिंग म्हणजे कापूस, लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, खाली अस्तर, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारा टाका. गोधडी ज्यांनी उलटसुलट करून बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. वरचं कापड तुकडे जोडून केलं असेल तर ते पॅचवर्क किंवा पीसिंग, एका कापडावर दुसरं कापड ठेवून शिवलं असेल तर अ‍ॅप्लिके, आणि तिन्ही थरांतून आरपार जाणारा जो टाका तेच खरं क्विल्टिंग. बहुतेक लोक तुकडे जोडण्यालाच क्विल्टिंग म्हणतात आणि मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बघायचीच विसरतात, म्हणून हे तीन शब्द तेवढे डोक्यात ठेवा, बाकीचे तिथे जाऊन कळतात.

आता आर्ट क्विल्ट म्हणजे काय, तर जे पलंगावर टाकण्यासाठी केलेलंच नाही, भिंतीवर लावून बघायला म्हणूनच केलंय. हे क्विल्ट भिंतीवर चढलं कसं याची एक छोटी गोष्ट आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेली जुनी अमेरिकन क्विल्टं भिंतीवर टांगली, जशी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पेंटिंग्ज टांगतात तशीच. लोक थक्क झाले. पण ती क्विल्टं मुळात पांघरायचीच होती, आणि ती करणाऱ्या बऱ्याचजणींची नावं पण कुणाला माहीत नव्हती. मग १९७९ मधे ओहायो राज्यातल्या अथेन्स गावात एका जुन्या डेअरीच्या गोठ्यात नॅन्सी क्रो आणि तिच्याबरोबरच्या आर्टिस्ट मंडळींनी क्विल्ट नॅशनल नावाचं प्रदर्शन सुरू केलं, कारण नेहमीच्या क्विल्ट शोमधे यांचं काम फारच विचित्र वाटायचं आणि आर्ट गॅलऱ्या म्हणायच्या हे तर शिवणकाम. ते प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरतं. १९८९ मधे इव्हॉन पोर्सेला या आर्टिस्टने स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स ही संस्था काढली, ती आता वेगवेगळ्या देशांत फिरणारे ग्रुप शो करते, तुम्ही जो बघायला चाललाय तो कदाचित त्यातलाच असेल.

या संस्थेची आर्ट क्विल्टची व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली आहे, थर आणि टाका असलेलं किंवा त्या रचनेशी नातं सांगणारं काम, बस. त्यामुळे कागद, प्लॅस्टिक, जाळी असलं काहीही समोर येऊ शकतं आणि "हे क्विल्ट कसं काय?" हा प्रश्न पडणारच. पडू दे. थर कुठे आहेत आणि टाका काय काम करतोय ते शोधा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं, आणि नाही मिळालं तर कदाचित ते काम खरंच कच्चं असेल, तसंही असतं.

पायरी १: दिवस आणि वेळ

उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका. म्हणजे लोकांना भेटायला जायचं असेल तर जरूर जा, पण क्विल्टं दिसणार नाहीत, पाठी दिसतील. मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर सगळ्यात उत्तम. आर्टिस्ट टॉक किंवा क्युरेटरबरोबरची (म्हणजे प्रदर्शनातली कामं निवडून मांडणाऱ्या व्यक्तीबरोबरची) फेरी असेल तर त्या दिवशी तासभर आधी पोचा, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग ऐका. उलट केलंत तर पुढे त्यांचंच वाक्य डोक्यात घेऊन फिराल.

किती वेळ लागतो? तीस-चाळीस क्विल्टांचा शो असेल तर दीड-दोन तास हाताशी ठेवा, आणि सगळीच्या सगळी नीट बघायची असा हट्ट धरू नका, डोळे थकतात आणि विसाव्या क्विल्टनंतर सगळं एकसारखं दिसायला लागतं.

पायरी २: आत शिरताना

मोठी सॅक लॉकरमधे टाका, लॉकर नसेल तर पुढे छातीशी घ्या, कारण वळताना मागच्या सॅकचा धक्का भिंतीवरच्या क्विल्टला लागतो आणि तुम्हाला कळत पण नाही. लोंबकळणारे दागिने, बॅगेचं उघडं बक्कल, झिप, यात दोरा अडकू शकतो. टिपणं काढायची असतील तर पेन्सिल न्या, बऱ्याच म्युझियममधे पेन चालत नाही.

आणि आत गेल्यावर "लाइट किती कमी ठेवलाय, नीट दिसत पण नाही" अशी तक्रार लगेच करू नका. कापडाचा रंग प्रकाशाने उडतो आणि उडालेला परत येत नाही, आणि हे नुकसान साठत जातं, म्हणजे आज थोडं उद्या थोडं असं बेरीज होत राहतं. म्हणून म्युझियममधे कापडाच्या वस्तूंवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच प्रकाश ठेवायची पद्धत आहे, चांगला उजेड असलेल्या ऑफिसात याच्या कितीतरी पट असतो. बाहेरच्या उन्हातून आत आलात की पाच-दहा मिनिटं डोळ्यांना द्या. तोवर दाराजवळचा मोठा माहितीफलक वाचून घ्या, तो एकच मजकूर सुरुवातीला वाचायला हरकत नाही.

पायरी ३: पहिली फेरी, लेबल न वाचता

सरळ एक चक्कर मारा. थांबायचं नाही, लेबल वाचायचं नाही, फोटो नाही. जिथे पाय आपोआप अडखळतील त्या जागा लक्षात ठेवा. फेरी संपली की त्यातली चार-पाच क्विल्टं निवडा, त्यात एक असं घ्या जे तुम्हाला अजिबात आवडलेलं नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. न आवडलेल्याजवळ दहा मिनिटं उभं राहिलं की का आवडलं नाही ते सांगायला शब्द शोधावे लागतात आणि तेच शब्द पुढे आवडलेल्यासाठी पण कामाला येतात.

लेबल आधी का नाही, तर शीर्षक वाचलं की संपलं. "वादळानंतर" असं लिहिलेलं दिसलं की तुम्हाला करड्या कापडात ढगच दिसणार, दुसरं काही दिसायची शक्यताच बंद.

पायरी ४: लांबून, मधून, जवळून, आणि कडेने

दुसऱ्या फेरीत निवडलेल्या प्रत्येक क्विल्टसमोर हे चार प्रकार करा. यातच खरी मजा आहे त्यामुळे इथे घाई नको.

लांबून. क्विल्टच्या रुंदीच्या दोन-तीन पट मागे जा आणि डोळे किंचित मिटून बघा, म्हणजे बारीकसारीक गोष्टी पुसल्या जातात आणि फक्त गडद-फिकट उरतं. क्विल्ट करणारे स्वतः पण हेच करतात, तुकडे भिंतीवर टाचून लांब जाऊन डोळे बारीक करतात, नाहीतर मोबाईलवर काळापांढरा फोटो काढून बघतात, कारण रंग फसवतात. लाल आणि हिरवं शेजारी शेजारी कितीही उठून दिसत असलं तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर काळ्यापांढऱ्यात एकमेकांत विरघळून जातात. फोटो काढायला परवानगी असेल तर तुम्ही पण करून बघा, रचना मजबूत आहे की नुसत्या रंगांवर चाललंय ते दहा सेकंदांत कळतं.

मधून. आता हाताच्या दोन-तीन लांबीवर या. इथे कापडं वेगवेगळी दिसायला लागतात. बिसा बटलर या आर्टिस्टचं काम हे याचं फार चांगलं उदाहरण, ती जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरून माणसांची जवळजवळ खऱ्या आकाराची पोर्ट्रेट्स कापडात करते, रंगाचा ब्रश न लावता. लांबून बघितलं तर चेहरा, आणि चार पावलं पुढे आलं की गाल जांभळा आहे, कपाळ निळं आहे, कोटावर आफ्रिकन छापील कापडाचं आख्खं डिझाइन आहे असं एकेक दिसत जातं, आणि तरी चेहरा मोडत नाही. २०२० मधे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधे तिचं मोठं प्रदर्शन सुरू झालं होतं. अशा कामासमोर मागेपुढे मागेपुढे करत राहा, नेमकं कुठल्या पावलावर चेहऱ्यात कापड दिसायला लागतं ते शोधा. लोक बघतील तर बघू देत.

याच अंतरावर कापड कुठून आलंय याचा पण अंदाज येतो. दुकानातलं छापील कापड, हाताने रंगवलेलं, ब्लॉकने छापलेलं, किंवा वापरलेलं. वापरलेल्या कापडाबद्दल अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांची क्विल्टं आठवावीत, २००२ मधे ती ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधे आणि मग व्हिटनीत लागली आणि जगभर नाव झालं. त्यातली काही शेतात घालायच्या जुन्या कपड्यांची आहेत, विटलेल्या निळ्या डेनिमवर मधेच एक गडद निळा चौकोन दिसतो, तिथे खिसा होता. खिसा उसवून काढला आणि खालचं ऊन न लागलेलं कापड उघडं पडलं. तो चौकोन कुणी डिझाइन म्हणून लावलेला नाही, पण डिझाइनमधे तोच सगळ्यात जास्त बोलतो. नव्या आर्टिस्ट लोकांच्या कामात पण जुने शर्ट, चादरी, टेबलक्लॉथ भरपूर असतात, तेव्हा बटणपट्टीची खूण, शिवणीची जुनी भोकं, डाग हे शोधा.

जवळून. दोरीचं कुंपण किंवा जमिनीवरची रेघ असेल तिथपर्यंत, नसेल तर हातभर अंतर. हात मागे बांधा, खरंच बांधा, सवयीने पुढे जातो. इथे टाका बघायचा. समजा समोर एक राखाडी क्विल्ट आहे, एकाच सलग कापडाचं, त्यावर तुकडे-बिकडे काही नाहीत, याला होलक्लॉथ म्हणतात. लांबून ते अगदी सपाट आणि जरा कंटाळवाणं वाटलं होतं. जवळ आल्यावर दिसतं की आख्ख्या पृष्ठभागावर आडव्या रेघा शिवल्यात, बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर, आणि त्या सरळ नाहीयेत, मधे एका ठिकाणी सगळ्या किंचित वर उचलल्यात, जणू खालून काहीतरी गेलंय. आणखी बघितलं की एका रेघेचा राखाडी दोरा तीन इंचांपुरता नारिंगी झालाय आणि परत राखाडी. एकाच ठिकाणी. ते कळलं की डोळा पुढच्या सगळ्या रेघा नारिंगीसाठी तपासत जातो, आणि करणाऱ्याला हेच तर हवं होतं, तुम्ही प्रत्येक रेघ वाचावी.

टाका हाताचा की मशीनचा? हाताच्या धावदोऱ्यात टाका, मग रिकामी जागा, मग टाका असं दिसतं. मशीनची रेघ सलग असते. मशीनमधे पण दोन-तीन तऱ्हा आहेत. फ्री मोशन म्हणजे मशीनचे कापड पुढे ढकलणारे दात खाली पाडायचे किंवा झाकायचे आणि कापड हाताने हवं तिकडे फिरवायचं, सुई जागेवरच. लाँगआर्ममधे बरोबर उलटं, कापड फ्रेमवर ताणलेलं असतं आणि मशीनचं डोकं रुळांवरून फिरतं. एकच नक्षी या कडेपासून त्या कडेपर्यंत हुबेहूब तशीच, एका केसाचा फरक नाही, असं असेल तर ते बहुतेक कॉम्प्युटरने चालवलेलं आहे. हे वाईट असं मी म्हणत नाही, पण ती नक्षी वरच्या चित्राशी काही बोलतेय की नुसती जागा भरलीय हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे.

हाताचं म्हणजे भारी आणि मशीनचं म्हणजे सोपं, हा समज मात्र दारातच सोडून या. मशीनखाली जाड, जड क्विल्ट तासन् तास फिरवत रेघ काढणं म्हणजे काय ते खांद्यांना विचारा.

कडेने. हे कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त मिळतं ते इथेच. क्विल्टच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला भिंतीजवळ जाऊन उभे राहा, भिंतीला चिकटायचं नाही, आणि पृष्ठभागावरून तिरकी नजर टाका. डोंगर-दऱ्या दिसतील. जिथे टाके दाट आहेत तिथे बॅटिंग दाबलं जाऊन कापड खाली बसतं, जिथे टाके विरळ आहेत तिथे फुगून वर येतं. म्हणजे करणारी व्यक्ती दोऱ्याने रेघ तर काढतेच आहे पण त्याच दोऱ्याने उंची पण ठरवतेय, आणि दिवा वरून येत असेल तर सावली पण. काहीजण मुद्दाम एखाद्या आकाराच्या आत जास्तीचं बॅटिंग घालून तो अजून फुगवतात, त्याला ट्रापुंटो म्हणतात. समोरून जी नुसती पानाची आकृती वाटली ती कडेने बघितल्यावर चक्क उठून आलेली दिसते. याच कारणासाठी कॅटलॉगमधे समोरून सपाट लाइट टाकून काढलेला फोटो बघितला की निम्मं क्विल्ट मेलेलं असतं.

पायरी ५: आता लेबल

आता वाचा. नाव, शीर्षक, साल, माप. माप कधी इंचात कधी सेंटिमीटरमधे, आणि बहुतेक ठिकाणी आधी उंची मग रुंदी. त्याखाली साहित्य आणि तंत्र. "हाताने रंगवलेलं सुती कापड, मशीनने जोडलेलं, हाताने क्विल्ट केलेलं" अशी ओळ असते, ती ओळ वाचून परत क्विल्टकडे बघा आणि प्रत्येक शब्द कुठे आहे ते शोधून काढा, दोन-तीन क्विल्टांत हे केलंत की पुढे लेबल न बघता तुम्हालाच सांगता येईल.

क्विल्टिंग दुसऱ्या कुणी केलं असेल तर त्याचं नाव वेगळं लिहिलेलं असतं, वरचा भाग एकाने आणि लाँगआर्मवरचं काम दुसऱ्याने असं क्विल्टच्या जगात सर्रास चालतं. आर्ट क्विल्टमधे बहुतेकजण सगळं स्वतःच करतात. फोटोवरून केलेलं असेल तर कुणाचा फोटो आणि परवानगीने की कसं, हे पण कधीकधी दिलेलं असतं.

मग येतं आर्टिस्टचं निवेदन, स्टेटमेंट. माझं प्रामाणिक मत, यातली निम्मी स्टेटमेंट्स वाचली नाहीत तरी चालतील. "माझ्या अंतर्मनाच्या प्रवासाचा धागा" छापाचं असेल तर सोडून द्या. पण जिथे साधी माहिती आहे, कुठलं कापड, कुणाचं होतं, कुठे आणि का केलं, ते जरूर वाचा कारण त्याने क्विल्ट बदलतं.

क्विल्टवरच मजकूर लिहिलेला असेल तर गोष्ट वेगळी, तो मजकूर कामाचाच भाग आहे, आणि तो वाचायलाच हवा. फेथ रिंगगोल्ड या अमेरिकन आर्टिस्टची स्टोरी क्विल्टं यासाठी प्रसिद्ध आहेत. तिचं १९८८ चं टार बीच न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमकडे आहे, मधे कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने रंगवलेलं इमारतीच्या गच्चीवरचं दृश्य, भोवती कापडाच्या तुकड्यांची चौकट, आणि गोष्ट कापडाच्या पट्ट्यांवर लिहिलेली. असल्या क्विल्टसमोर पाच मिनिटं उभं राहून वाचल्याशिवाय पुढे गेलात तर नुसतं चित्र बघून गोष्ट सोडून दिल्यासारखं होईल.

पायरी ६: कडा आणि मागची बाजू

कड बघा. भोवती बारीक गोट फिरवलेला असेल तर ते बायंडिंग, तो चित्राला चौकट घालतो. काहीच न दिसता कड आत वळवून मागे शिवली असेल तर ते फेसिंग, आर्ट क्विल्टमधे हे जास्त, कारण चौकट नको असते, चित्र कडेपर्यंत जायला हवं असतं. आणि काहीजण कड कापून तशीच सोडतात, दोरे लोंबतायत, बॅटिंग डोकावतंय. नेहमीच्या क्विल्ट स्पर्धेत परीक्षक कोपरे काटकोनात आहेत का, खालची कड सरळ लोंबतेय का हे बघतात. इथे कड वाकडी दिसली तर आधी विचार करा की मुद्दाम आहे का. कसं ओळखायचं? वाकडेपणा आतल्या रचनेशी जुळत असेल तर मुद्दाम. सगळं काटेकोर आणि फक्त खालचा एक कोपरा वळतोय तर तो बहुतेक नीट टांगला गेला नाहीये.

मागची बाजू बघायची इच्छा होणार, आणि व्हायलाच पाहिजे, कारण रंगीत कापडांचा गोंधळ मागे नसतो आणि टाक्यांचं नुसतं रेखाचित्र स्वच्छ दिसतं. पण स्वतः उचलून बघायचं नाही! मोठ्या क्विल्ट शोमधे पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात, त्यांना म्हणा "मागची बाजू दाखवता का", ते आनंदाने दाखवतात. गॅलरीत अशी सोय नसते, पण काही क्विल्टं छतापासून मोकळी टांगलेली असतात, तिथे मागून फिरून या.

हात न लावण्याचं कारण पण सांगते, कारण नुसतं "नको" म्हटलं की माणूस लावतोच. बोटांना तेल आणि घाम असतो, तो कापडात जातो, तिथे धूळ धरते आणि काही काळाने डाग दिसतो. एका बोटाने काही होणार नाही हे खरं, पण प्रदर्शनाला येणारा प्रत्येकजण हेच म्हणत असतो. स्पर्शाची फारच ओढ असेल तर काऊंटरवर विचारा, बरेचदा हात लावून बघायला म्हणून वेगळे नमुन्याचे तुकडे ठेवलेले असतात.

पायरी ७: ग्रुप म्हणून बघा

ग्रुप शोची गंमत एकेका क्विल्टपेक्षा वेगळी असते आणि ती सहज सुटते. आधी हे शोधा की ही माणसं एकत्र कशी आली. परीक्षकांनी निवडलेला शो असेल तर शेकडो अर्जांतून फोटो बघून निवड झालेली असते, त्यामुळे फोटोत चांगली दिसणारी कामं पुढे सरकण्याची शक्यता जास्त, हे लक्षात ठेवा. बोलावून केलेला शो असेल तर क्युरेटरच्या आवडीचा रंग दिसतो. आणि एखादा ठराविक ग्रुप असेल, दहा-बाराजण वर्षानुवर्षं एकत्र काम करणारे, तर त्यांचा एकमेकांवरचा परिणाम शोधायला मजा येते, एकीने गंजलेलं लोखंड ठेवून कापडावर डाग पाडले की दोन वर्षांत तिघींच्या कामात गंज दिसायला लागतो.

विषय दिलेला असेल तर सरळ तुलना करा. "पाणी" असा विषय असेल तर अर्धी भिंत निळी असणार, त्याला इलाज नाही. मग जिने निळा रंग वापरलाच नाही तिच्यापाशी जास्त थांबा. सगळ्यांना एकच माप दिलेलं असेल तर आणखी उत्तम, माप सारखं झालं की फरक कितीतरी जास्त जाणवतो. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत केलेलं ते प्रचंड क्विल्ट, १९८७ च्या ऑक्टोबरमधे वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पहिल्यांदा १,९२० पॅनेल्स अंथरून दाखवलं, त्यातलं प्रत्येक पॅनेल ३ फूट बाय ६ फूट. ते काही गॅलरीतलं आर्ट क्विल्ट नव्हे, पण एकाच मापाने काय होतं ते त्याच्याइतकं कुठे दिसत नाही, माप सगळ्यांचं तेच आणि माणूस प्रत्येकात वेगळा.

शेजार पण बघा. कुठलं क्विल्ट कुठल्याच्या बाजूला लावलंय हे कुणीतरी ठरवलेलं असतं. भडक कामाशेजारचं शांत काम मार खातं, तेव्हा त्या शांत कामासाठी हाताचा आडोसा करून शेजारचं झाका आणि मग बघा.

पायरी ८: माणसांशी बोला

आर्टिस्ट तिथे असतील तर बोला, बहुतेकांना आवडतं. फक्त दोन वाक्यं टाळा. एक, "किती दिवस लागले हो?" हे त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की उत्तर तोंडपाठ असतं. दुसरं, "आमची आजी पण असंच करायची." आजी थोरच असणार, पण समोरच्या बाईने मुद्दाम आजीपेक्षा वेगळं काहीतरी केलंय ना.

त्यापेक्षा हे विचारा: हे कापड मिळालं असंच की तुम्ही रंगवलंत? टाक्यांच्या रेघा आधीपासून डोक्यात होत्या की वरचं सगळं झाल्यावर ठरवल्या? कुठे अडलात, काय उसवलंत? या शेवटच्या प्रश्नावर माणूस खुलतोच, कारण उसवणं हा या कामाचा मोठा भाग आहे आणि तो भिंतीवर दिसत नाही.

"लोकांची आवड" म्हणून मतपेटी असेल तर मत दुसऱ्या फेरीनंतर टाका, पहिल्या फेरीत टाकलं की ते सगळ्यात भडक क्विल्टलाच जातं.

फोटो आणि विकत घेणं

फोटोची परवानगी प्रत्येक शोची वेगळी, काही ठिकाणी एकेका क्विल्टपुरती वेगळी, लेबलवर कॅमेऱ्यावर काट मारलेलं चिन्ह असतं. फ्लॅश कुठेच नाही. काढलात तर लेबलचा पण एक फोटो काढा, नाहीतर घरी गेल्यावर कुणाचं काय ते कळत नाही, आणि कुठे टाकणार असाल तर नाव लिहा कारण कॉपीराइट क्विल्ट करणाऱ्याचाच असतो. समोरून पूर्ण फोटो कॅटलॉगमधे मिळेलच, तुम्ही तो कडेने दिसणारा तिरका फोटो काढा.

लेबलवर लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय. काही क्विल्टं विकायला नसतातच, तसं लिहिलेलं असतं. घ्यायचंच असेल तर गॅलरीला तीन गोष्टी विचारा: मागे टांगायला बाही शिवलेली आहे का (वरच्या कडेला कापडाचा बोगदा असतो, त्यातून दांडी जाते), सही आणि साल कुठे आहे, आणि रंग कुठले वापरलेत. थेट ऊन पडतं त्या भिंतीवर लावू नका, आणि अधूनमधून काही महिने उतरवून विश्रांती द्या. ठेवताना घडी घालायची नाही, घडीच्या जागी धागे कायमचे मोडतात, जाड नळीवर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे सुरकुत्या पडल्या तरी अस्तराच्या बाजूला पडतील. नळी नुसत्या पुठ्ठ्याची असेल तर आधी तिला धुतलेलं सुती कापड गुंडाळून घ्या, पुठ्ठ्यातलं आम्ल कापडाला लागून ते पिवळं पडतं.